डिकीची गाडी जुनी घेताना मीटर नंतर बघा, आधी पाण्याची खूण शोधा

पावसाळा सुरू झाला की सांगलीत सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीकडे लागतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, जुलै २०२१ मध्ये तिने पुन्हा पन्नाशी ओलांडली. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी या भागांत घरांबरोबर पार्किंगमधल्या गाड्याही पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या.

जुनी सेडान, म्हणजे आपल्याकडे म्हणतात ती डिकीची गाडी, घ्यायला निघालेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "किती किलोमीटर झालीय?" हा प्रश्न विचारावा, पण शेवटी. मीटरचा आकडा बदलता येतो. पाण्याच्या, ठोकरीच्या आणि झिजेच्या खुणा मात्र सगळ्या जागांवरून पुसता येत नाहीत. हळदीच्या बाजारात हळकुंडाचा वरचा रंग बघून कोणी भाव लावत नाही, ते मोडून आतला रंग बघतात. गाडीचंही तेच.

तपासणीसाठी सकाळची वेळ आणि लख्ख उजेड हवा. बरोबर टॉर्च, पांढरा रुमाल, खाली झोपून बघायला एखादं पोतं आणि फ्रिजवर चिकटवायचा मऊ चुंबक घ्या. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार इंजिन बरंच खरं बोलतं, गरम इंजिन बरंच लपवतं.

## बुडालेली गाडी बाजारात येते कशी?

विमा कंपनी दरवर्षी गाडीची एक किंमत धरते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' ठरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. लिलावात घेणारा ती तोडून सुटे भाग विकेल, किंवा इंजिन उघडून, सीटची कव्हरं बदलून, पॉलिश मारून पुन्हा उभी करेल. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता होता, त्यांच्या गाड्यांच्या नुकसानीची तर कुठल्याच कागदावर नोंद नसते.

म्हणून 'सांगली पासिंग' दिसलं की संशय घ्यायचा आणि पुणे पासिंग दिसलं की निर्धास्त व्हायचं, या दोन्ही चुका आहेत. बुडालेली गाडी बुडालेल्याच गावात कोण विकायला ठेवेल? इथली बाहेर जाते, बाहेरची इथे येते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत हजारो गाड्या पाण्यात होत्या. नंबर प्लेटवरून पूर कळत नाही.

## पाण्याने नेमकं काय बिघडतं?

सायकलचा हवेचा पंप डोळ्यांसमोर आणा. तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर तो थोडा आत जातो, कारण हवा दाबली जाते. पंपात पाणी भरून तेच करा, दांडा हलणारही नाही. इंजिनातला पिस्टन म्हणजे असाच दांडा, मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होणारा. पाण्यात उभी असलेली गाडी कोणी चालू केली आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडाच वाकला तर गाडी चालतेही, पण काही हजार किलोमीटरनंतर इंजिनातून ठकठक सुरू होते आणि पूर्ण काम निघतं.

दुसरं नुकसान संथ असतं, आणि माझ्या मते तेच जास्त वाईट. आजच्या सेडानमध्ये तारांचं जाळं गालिच्याखालून जातं, आणि लाइट, काचा, लॉक सांभाळणारे कंट्रोल युनिट बऱ्याच मॉडेलमध्ये डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला असतात. पुराचं पाणी गढूळ असतं. ते वाळतं तेव्हा कनेक्टरच्या तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढू लागतो. सहा महिने सगळं ठीक वाटतं, मग एखाद्या पावसाळ्यात एक काच वर जात नाही, महिन्याने सेंट्रल लॉक आपोआप उघडतं, पुढे एअरबॅगचा दिवा लागतो. प्रत्येक वेळी मेस्त्री एक भाग बदलतो आणि दुखणं दुसरीकडे निघतं. एअरबॅगची तार याच वाटेने जात असेल, तर अपघाताच्या वेळी ती फुगेल की नाही, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. ज्या गाडीत लेकरं आणि म्हातारी माणसं बसणार, तिच्यात ही जोखीम घेऊ नये.

## खुणा कुठे राहतात?

चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. अगदी शेवटपर्यंत, आतल्या रिळावरचा शेवटचा हात दोन हात पट्टा दिसेल इतका. रोजच्या वापरात हा भाग कधी बाहेर येत नाही, त्यामुळे गाडी धुणाराही तो विसरतो. पाणी तिथवर पोचलं असेल तर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ असते, भिजून वाळलेल्या कापडावर राहते तशी. पांढऱ्या रुमालाने पट्टा चिमटीत धरून पुसा, बारीक गाळ रुमालावर येतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाला कापडी चिठ्ठी असते, तिच्यावर बनवल्याची तारीख बघा. २०१७ च्या गाडीला २०२० चा पट्टा असेल, तर तो का बदलला हे विचारायलाच हवं.

मग सीट पूर्ण मागे सरकवून खाली टॉर्च मारा. सीटच्या रुळांवर आणि स्प्रिंगांवर सरसकट गंज असेल तर संशय घ्या. तिथे चप्पल-बुटांचं पाणी थोडंफार लागतंच, पण चारही कोपऱ्यांत सारखाच गंज आपोआप येत नाही. डॅशबोर्डच्या खाली, पेडलच्या वर, स्क्रूंची डोकी बघा. गालिच्याची कड दारापाशी उचलून खालचा फोम हाताने दाबा: ओल लागते का, वास कसा येतो, बोटाला चिखलाची पूड लागते का. जुन्या गाडीत कोरा गालिचा आणि डोकं दुखेल इतका अत्तराचा वास, हे दोन्ही एकत्र दिसले तर घाई करू नका.

डिकीतलं स्टेपनी काढा. सेडानमध्ये स्टेपनीचा खड्डा बऱ्याचदा गाडीच्या सर्वांत खोल जागांपैकी असतो, तिथे गाळ साचतो आणि तो काढणं कंटाळवाणं असतं. इथे एक गोष्ट गाडीच्या बाजूनेही सांगायला हवी. या खड्ड्यात स्वच्छ पाणी साचलेलं असेल तर ते पुराचंच असेल असं नाही. मागच्या दिव्यांचं रबर किंवा डिकीचं बीडिंग कडक झालं की पावसाचं पाणी तिथूनच आत येतं. हा दोष किरकोळ आहे. फरक गाळावरून कळतो: पावसाचं पाणी गंज आणतं, पुराचं पाणी गाळ आणि गंज दोन्ही आणतं. हेडलाइटच्या आत अर्ध्यावर आडवी रेघ दिसली तर मात्र तिथवर पाणी उभं होतं असं समजा.

पाण्याच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. सीटच्या वर पाणी गेलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घरासाठी घेऊ नका. फक्त चाकं बुडाली असतील, मालक ते स्वतः सांगत असेल आणि बेअरिंग, ब्रेक, गिअरचं ऑइल बदलल्याची बिलं दाखवत असेल, तर पुढची तपासणी करायला हरकत नाही.

## ठोकलेली गाडी कशी ओळखायची?

आधी दोन प्रकार वेगळे करू. बंपर, फेंडर, दाराचा पत्रा बदलणं म्हणजे शर्टाला ठिगळ, आपल्या गर्दीत कुठल्याही गाडीला लागतं. चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा), पिलर (छत पेलणारे खांब), अॅप्रन (बोनेटखालचा बाजूचा आतला पत्रा) यांना मार म्हणजे हाड मोडणं. फेंडर रंगवलाय म्हणून गाडी सोडू नका, आणि हाड मोडलेली गाडी रंग चकाकतोय म्हणून घेऊ नका.

गाडीच्या टोकाला उकिडवे बसून उन्हात बाजूने एका रेषेत बघा. कंपनीचा रंग सगळीकडे सारखा दिसतो, पुन्हा मारलेल्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. फ्रिजचा चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे पुट्टीचा जाड थर आहे तिथे तो सैल पडतो. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांना तो चिकटणारच नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, दुबार रंग २०० च्या पुढे आणि पुट्टी असेल तर त्याहून बराच वर जातो.

बोनेट उघडून बिजागरीचे बोल्ट बघा. कोपऱ्यांवरचा रंग उडाला असेल तर त्यांना पाना लागला आहे. दाराचं रबर बीडिंग हाताने खेचून खालचा पिलर उघडा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके ठराविक अंतरावर असतात, गॅरेजमधलं वेल्डिंग वेडंवाकडं आणि खडबडीत असतं. रेडिएटर ज्याच्यावर टेकलेला असतो ती आडवी पट्टी, तिच्या मागचे दोन्ही बाजूंचे अॅप्रन आणि स्टेपनीखालचा पत्रा, या तीन जागी सुरकुत्या, ठोकून सरळ केल्याच्या खुणा किंवा ताजा काळा रंग दिसला तर मार आतवर गेला आहे. तिथेच विषय संपवा.

कागदावरूनही ठोकर कळते. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस म्हणून एक टक्केवारी छापलेली असते. क्लेम न करता गेलेल्या वर्षांनुसार ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० होते. मालक म्हणतो "आठ वर्षांत ओरखडा नाही" आणि पॉलिसीवर बोनस शून्य आहे, तर मधे क्लेम झाला आहे, गाडी मधल्या काळात विकत घेतलेली आहे किंवा विमा खंडित झाला होता. कोणतं, ते विचारा.

## मीटर पाडलेलं कसं कळेल?

बैल घेताना दात बघतात, मालकाने सांगितलेलं वय नाही. गाडीचे दात म्हणजे पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, गिअरच्या दांड्याची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड. तीस हजार किलोमीटरला ब्रेक पेडलच्या रबराच्या रेघा गुळगुळीत होत नाहीत. रबर कोरं आणि सीट खचलेली असेल तर रबर बदललंय.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कंपनीचे टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. २०१७ ची गाडी, मीटर ३५ हजार आणि चारही टायर २०२१ चे, हे गणित जुळत नाही, पटेल असं कारण मिळायला हवं. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद. मालकाला बरोबर घेऊन जा, प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर मागा. आकडा मधेच मागे आला असेल किंवा दोन वर्षं नोंदच नसेल तर ते कागदावर दिसतं.

"कमी चाललेली गाडी चांगलीच ना?" नेहमीच नाही. चार वर्षं शेडमध्ये उभी असलेल्या गाडीची बॅटरी मेलेली असते, टायर एका बाजूने चपटे आणि होज, म्हणजे बोनेटखालच्या रबरी नळ्या, कडक झालेले असतात. आसपास ऊस किंवा धान्याचं गोदाम असेल तर उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात. वर्षाला दहा-बारा हजार चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी उभ्या गाडीपेक्षा बरी.

## इंजिन: गार असताना पहिली पाच मिनिटं

बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती. कारण विचारा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी या.

ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. ऑइल काळं असणं चालतं, डिझेलमध्ये तर ते लगेचच काळं होतं. झाकणाखाली आणि डिपस्टिकवरही (ऑइलची पातळी बघायची पट्टी) सायीसारखा पिवळट-पांढरा थर असेल तर ऑइलमध्ये कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. फक्त झाकणाखाली जरासा असेल तर थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी साचलेली वाफही असू शकते. गार असतानाच कूलंटच्या डबीत बघा: हिरवं किंवा गुलाबी पाणी हवं. विटकरी गढूळ पाणी म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय आणि रेडिएटर आतून गंजलाय. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता किल्ली फिरवा, पण इंजिन लगेच सुरू करू नका. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, ऑइल, बॅटरी, सगळे दिवे लागायला हवेत. इंजिन चालू झालं की काही सेकंदांत ते विझायला हवेत. एखादा दिवा विझला नाही तर बिघाड आहे हे कोणालाही कळतं. एखादा दिवा मुळात लागलाच नाही, तर तो कोणीतरी काढून टाकलाय. हा दुसरा प्रकार जास्त गंभीर.

इंजिन चालू होताना एकाने मागे उभं राहून धूर बघावा. गार सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि दोन मिनिटांत जाते, ती सोडून द्या. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही, डिझेलमध्ये बहुधा इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट जातं. चालू इंजिनात डिपस्टिक थोडी वर ओढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर मेस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे: पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि वरचा दाब खाली गळतोय. अशा इंजिनाचं काम लवकरच निघणार.

मग एसी लावून वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू-बंद व्हायला हवा, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जायला नको. मिरज-सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात जी गाडी तापणार, ती इथेच तापते. याच वेळात सगळ्या काचा, लॉक, वायपर, हॉर्न, मागचा कॅमेरा तपासून घ्या. दोन्ही किल्ल्या मागा. चिपची किल्ली नवी बनवणं महाग पडतं.

चारशे-पाचशे रुपयांपासून मिळणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर गाडीचे दोष दाखवणारं छोटं यंत्र, जवळ असेल तर लावा. त्यात दोष शून्य दिसले म्हणून खूश होऊ नका. त्याच ॲपमध्ये गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या आहेत की नाहीत हे दिसतं. बऱ्याच चाचण्या अपूर्ण असतील तर दोष नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा म्हणावं.

## पेट्रोल घ्यावी की डिझेल?

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरणं नसेल तर पेट्रोल. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ही काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं वेगात धावावी लागते. रोजचं फिरणं विश्रामबाग ते राजवाडा चौक एवढंच असेल तर जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो. दहा वर्षांच्या डिझेलवर बंदी हा दिल्ली परिसरासाठी आलेला नियम, महाराष्ट्राचा नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क वाढून ५,००० रुपये झालं, ते हिशेबात धरा.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची चर्चा बरीच झाली. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्यांना तडे आहेत का, बोनेटखाली पेट्रोलचा वास येतो का, एवढं बघून घ्या.

टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही विचारा. बेल्ट रबराचा असतो, बहुतेक गाड्यांत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलावा लागतो. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

## ट्रायल कुठे मारायची?

सांगली सपाट आहे, म्हणून गावातल्या ट्रायलमध्ये क्लच उघडा पडत नाही. दंडोबा डोंगराच्या चढाला न्या, साताऱ्यात असाल तर यवतेश्वरच्या घाटाला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. सेडानला हे काम साधारण दहा-पंधरा हजारांत जातं. तेवढे किमतीतून कमी करा.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, पुढच्या चाकातून कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं म्हणजे व्हील बेअरिंग. पुढचा कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, डुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर संपला. उताराला ब्रेक लावताना पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी. हे सगळं दुरुस्त होतं, भाव करायच्या कामाचं आहे.

सेडानची उंची कमी, आणि आपल्या गावातले गतिरोधक कसे आहेत ते सांगायला नको. पोतं टाकून खाली झोपा. ऑइलचा चेंबर चेपलाय का, ऑइलचे थेंब आहेत का, सायलेन्सर घासलाय का हे बघा.

## आधी टॅक्सी होती का?

डिझायर, इटियॉस आणि एक्सेंट या गाड्या भाड्यावर खूप धावल्या. पिवळी प्लेट रद्द करून पांढरी लावणं कायदेशीर आहे, लपवणं चुकीचं. मागची सीट पुढच्या डाव्या सीटपेक्षा जास्त खचलेली, मागच्या दारांची हँडलं झिजलेली, डॅशबोर्डवर मीटर-मोबाइलच्या स्क्रूची भोकं, आणि ताशी ८० किलोमीटरवर वेग अडवणाऱ्या गव्हर्नरच्या कापलेल्या तारा, ही तिची ओळख. आरसीवरचा वापराचा इतिहास आरटीओत कळतो. सीएनजी असेल तर आरसीवर तशी नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र हवं. टाकीच्या वजनाने मागच्या स्प्रिंगा बसतात, तेही बघा.

## "एवढं सगळं तपासू देईल का कोणी?"

सरळ माणूस देतो. सीटबेल्ट ओढायला किंवा डिकी उघडायला कोणी हरकत घेत असेल तर ते उत्तरच आहे. "डीलर वॉरंटी देतो" म्हणत असेल तर ती लेखी मागा आणि काय काय तिच्यात येत नाही हे आधी वाचा. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन बहुधा बाहेर असतात. "मेस्त्री ओळखीचा आहे" ही चांगलीच गोष्ट, पण तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आलेला माणूस पाच मिनिटांत "चांगली आहे" म्हणून चहा पिऊन जातो.

जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी ऐकून बरेच जण घाबरले. तो डीलरच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. चार लाखाला घेऊन साडेचार लाखाला विकली तर कर पन्नास हजारांवर. गाडीच्या मालकाकडून थेट घेतली तर तो लागत नाही.

## कागद आणि पैसे

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद बघा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासा, उमटलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. ई-चलन बाकी आहे का बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर आधी मालकाकडून बसवून घ्या.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. कर्ज बाकी असेल तर तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ म्हणजे तिथली एनओसी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.

मिरजेच्या बाजूला कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. ती किंमत पूर्ण नसते. गाडी इकडे कायमची आणायची तर तिथली एनओसी, इथे पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तिकडचा कर परत मिळवण्यासाठी तिकडे वेगळा अर्ज. हा खर्च काढा, मग तुलना करा.

विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्या. तोपर्यंत समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, पण आपल्या गाडीची भरपाई अडू शकते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरकाचा हप्ता भरावा लागेल. गाडी ताब्यात घेताना पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्याआधीचं चलन कोणाचं यावर वाद होत नाही. आणि काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाला बंद करायला सांगून आपला नवा लावा, नाहीतर तासवड्याच्या नाक्यावर टोल त्याच्या खात्यातून कापला जाईल.